एक लांब, दोन आखूड

"वाजतंय की हे, दादा," मास्तर म्हणाला.

मास्तर म्हणजे ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या टेबलावरचा माझा जोडीदार. माझ्याहून चांगलाच लहान, पण साधा माउस बदलायचा असला तरी आधी त्यामागचं तत्त्व समजावून सांगतो, म्हणून मास्तर. त्याच्यासमोर एक मदरबोर्ड उघडा पडला होता. आदल्या दिवशी हिशेब विभागातल्या बाईंच्या मशीनमधून तो मीच काढला होता, मेला म्हणून मीच जाहीर केलं होतं आणि भंगाराच्या खोक्यात मीच टाकला होता. मशीन चालू होत नसलं की आमच्यात एक जुनी रीत आहे. मेमरीची पट्टी काढून घ्यायची आणि बटण दाबायचं. बोर्डात जीव असला तर पट्टी नाही म्हणून तो बोंब मारतो, बीप बीप करतो. काहीच आवाज आला नाही तर समजायचं, संपला. मी पट्टी काढली होती, बटण दाबलं होतं, कान देऊन उभा राहिलो होतो, आणि आवाज आला नव्हता. "गेला बिचारा," असं मी बाईंना म्हणालोसुद्धा. आता मास्तरने तोच बोर्ड खोक्यातून काढून, चहा येईपर्यंत हाताला काहीतरी चाळा म्हणून जोडला होता, आणि तो म्हणत होता, वाजतंय. मी वाकलो. आधी डावीकडून, मग उजवीकडून. पंखा फिरताना दिसत होता, हिरवा दिवा दिसत होता. मास्तर जे ऐकत होता त्याचा ताल बोटाने टेबलावर धरत होता, आणि त्याच्या बोटाखाली माझ्यापुरतं काहीही नव्हतं. "काल नव्हता वाजत," मी म्हणालो. "असतात काही बोर्ड असे लहरी." तो हसला. "बोर्ड नाही हो, मेमरीच्या पट्टीला मळ बसला असणार. खोडरबर घासला की झालं." मीही हसलो. 

एरवी हे मी पचवलं असतं. पण परीक्षा तोंडावर आली होती. आम्ही सगळे कंत्राटी. नव्या कंत्राटात कुणीतरी कलम घातलं की डेस्कटॉप सपोर्टचं सर्टिफिकेट नसलेला माणूस महिनाअखेरीनंतर टेबलावर दिसता कामा नये. मास्तर पहिल्याच झटक्यात पास होऊन मोकळा झाला. उरलो मी. कॉम्प्युटरच्या पडद्यांना पाठीमागे भलंमोठं कुबड होतं तेव्हापासून मी हेच करतोय, आणि आता या वयात मला कुणीतरी विचारणार होतं, की बाबा रे, वीज जोडलेली असताना कॅबिनेट उघडावं का? आमच्या मॅडमनी, म्हणजे सपोर्टच्या प्रमुखांनी, मला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, "फी कंपनी भरतेय, तुम्ही फक्त पास व्हा. तुमच्यासारखा माणूस मला सोडायचा नाहीये." मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून ऐकलं. त्यांना वाटलं असेल, किती मन लावून ऐकतोय. पास झालो नाही तर नोकरी जाणार, हे उघड होतं. पण टेबलावरचं अर्धं काम फोनवरचं असतं, आणि ज्याला बीप ऐकू येत नाही त्याला पास झाल्यावर तरी फोनवर कोण बसवणार? ही दुसरी गोष्ट फक्त मला माहीत होती, आणि ती कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून मी वर्षभर नुसता धडपडत होतो.

काय काय सोंगं केली म्हणून सांगू! फोनचा आवाज शेवटपर्यंत चढवून ठेवायचा आणि उजव्या कानाला लावायचा. समोरचा भराभर बोलायला लागला की "तुम्ही एक मेल टाका, म्हणजे माझ्याकडे नोंद राहील" म्हणायचं. मेल टाकायला तो कुरकुरला तर "थांबा, मी येतोच" म्हणून जिना चढायचा. गंमत अशी, की या जिना चढण्याने माझं नाव झालं. इतर लोक फोनवर कटवतात, हे मात्र स्वतः येतात, माणसासमोर बसून विचारतात, असं लोक म्हणायला लागले. मॅडमनी एका बैठकीत माझं उदाहरण दिलं. कशाबद्दल टाळ्या वाजल्या ते मला मास्तरला नंतर विचारावं लागलं. बैठकीत मी खिडकीकडे पाठ करून बसतो, म्हणजे बोलणाऱ्यांच्या तोंडावर उजेड पडतो. आणि काहीच लागलं नाही की मान डोलवायची. "हो, हो." हे दोन शब्द फार कामाचे. नव्वद टक्के बोलणं असं असतं की त्याला हो हो म्हटलं तरी कुणाचं काही बिघडत नाही; पूर्वी ऐकू यायचं तेव्हा मला हे कळलं नव्हतं. माझा सिद्धान्त होता की बिघाड डाव्या कानात आहे. उजवा ठणठणीत. एक पार्ट गेला तरी दुसऱ्यावर मशीन चालतं, आणि चालतंय तोवर उघडायचं नाही हा तर आमच्या धंद्याचा पहिला नियम. पुस्तकात हा नियम नाही, तो भाग वेगळा.

पुस्तकात पायऱ्या आहेत. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तक घेऊन बसायचो आणि माझी लेक, कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, समोर बसून प्रश्न विचारायची. तिला भारी मजा वाटायची. "बाबा, युजर म्हणतो कॉम्प्युटर सुरू होत नाही. तू पहिल्यांदा काय करशील?" मी म्हणायचो, "मागची केबल बघेन." "चूक." "बटण बघेन." "चूक, बाबा! आधी विचारायचं. शेवटचं नीट कधी चाललं, आणि त्यानंतर काय बदललं?" मला राग यायचा. विचारून काय होतं? अख्खी नोकरी मी लोकांना हेच विचारत आलो आणि लोक एकच सांगत आले, मी काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडलं. कीबोर्डातून चहा ठिबकत असतो आणि समोरचा म्हणतो, आपोआप. म्हणून मी विचारणं कधीच सोडून दिलं होतं. माझे हात आधी केबलकडे जातात. पण परीक्षेत हात नसतात, चार पर्याय असतात. आधी विचारा, मग तर्क करा, मग तर्क तपासा, मग दुरुस्त करा, मग पुन्हा तपासा, आणि सगळ्यात शेवटी काय कारण होतं ते लिहून ठेवा. "आणि जमत नसेल तर?" लेक विचारायची. "जमत नसेल तर वरच्याकडे पाठवा." "बरोब्बर!" ती टेबलावर थाप मारायची. थाप मला कळायची, कोपरातून वर चढायची. पण ती मधेच उठून पाठमोरी झाली, दूध बघायला गेली आणि तिथूनच पुढचा प्रश्न विचारला, की मी तिच्या पाठीकडे बघत राहायचो. एकदा मी मागच्याच प्रश्नाचं उत्तर अंदाजाने नव्या प्रश्नाला ठोकून दिलं. ती वळली, हसत सुटली. "प्रिंटरबद्दल विचारतेय मी! लक्ष कुठाय तुझं?" लक्ष. सगळ्यांना माझं लक्ष नसतं असं वाटतं. मला ते सोयीचं होतं आणि त्याचाच संतापही यायचा, कारण माझ्याइतकं लक्ष त्या घरात कुणाचंही नव्हतं. संध्याकाळपर्यंत लक्ष देऊन देऊन माझी मान अवघडायची, डोळे चुरचुरायचे, कपाळ ठणकायचं.

मला आत्या आठवायची. वडिलांची मोठी बहीण, आमच्याकडेच असायची. तिला ऐकू कमी यायचं, आणि आमच्या घरातला तो हक्काचा विनोद होता. कुणी विचारायचं, "आत्या, जेवलीस का?" ती म्हणायची, "हो रे, कालच आलं पत्र." आम्ही पोरं पोट धरून हसायचो आणि तीही हसायची, कारण सगळे हसतायत म्हणजे काहीतरी हसण्यासारखं असणार. पुढे पुढे तिला कुणी काही सांगेनासंच झालं. लग्न ठरल्याचं, आजारी पडल्याचं, बदली झाल्याचं, सगळं तिला सगळ्यात शेवटी आणि एका शब्दात कळायचं. तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायचे, खुर्चीबद्दल बोलावं तसं. ती दाराजवळच्या स्टुलावर बसून एकेकाच्या तोंडाकडे बघायची. ओठ हलायचे थांबले की मान डोलवायची. मला आता तिची ती नजर आतून माहीत झाली आहे. परवा लिफ्टच्या आरशात ती माझ्या तोंडावर दिसली आणि मी चटकन मान खाली घातली. बहिरा या शब्दाची मला भीती वाटते, उगाच कशाला खोटं बोला. तुसडा म्हटलेलं परवडतं. विसराळू, शिष्ट, म्हातारचळ लागलेला, काय वाटेल ते म्हणा. त्या सगळ्या माणसांशी लोक निदान भांडतात तरी.

बोर्डाचा प्रकार झाला त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी मी तर्क तपासायचं ठरवलं. संशय बझरवर होता. बोर्डावर आवाज करणारी ती शेंगदाण्याएवढी काळी डबी असते, तिच्यावर. डबी जुनी झाली की आवाज बारीक होतो, होऊ शकतो. मास्तरचे कान तरुण, त्याला बारीक ऐकू आलं, मला नाही आलं, एवढंच असेल. आमच्यात पार्टवर संशय आला की त्याच्या जागी खात्रीचा, चालत असलेला पार्ट लावून बघतात. चाललं, तर दोष जुन्या पार्टात. मी घरातलं जुनं मशीन टेबलावर घेतलं, उघडलं, नवी कोरी डबी लावली, मेमरीची पट्टी काढली आणि लेकीला हाक मारली. "ये, तुझीच परीक्षा घेतो आज. मी बटण दाबतो, तू बीप मोज." "मी का मोजू? पेपर तुझा आहे." "मोज गं." मी बटण दाबलं. ती डोकं जरा तिरकं करून ऐकायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. शांतता होती, एकदम स्वच्छ, पुसल्यासारखी. "एक लांब," ती म्हणाली, "आणि दोन आखूड. परत तेच. एक लांब, दोन आखूड. अरे, केवढ्यांदा वाजतंय हे! बंद कर, डोकं उठलं." तिने कानांवर हात ठेवले. मी डबीवर बोट टेकवलं. बोटाच्या टोकाला ते लागलं: एक लांब थरथर, मग दोन तोकड्या. पुन्हा एक लांब, दोन तोकड्या. मुंगी चावावी इतकंच, पण तेवढं नक्की. "बरोबर," मी म्हणालो. "पास." पुस्तकातला तो तक्ता मला तोंडपाठ होता, कुठली बीप म्हणजे काय ते. छापलेल्या बीपा मला सगळ्याच्या सगळ्या यायच्या. लेक उठून गेली आणि मी डबीवर बोट ठेवून तसाच बसून राहिलो. खात्रीचा पार्ट लावून झाला होता, मशीन चाललं होतं, दोष कुठे आहे ते शाळकरी पोरालाही कळलं असतं. मी मशीन बंद केलं आणि स्वतःला सांगितलं, डावा कान होता मशीनकडे. उजव्या बाजूने ऐकलं असतं तर आलं असतं. उजव्या बाजूने मी पुन्हा बटण दाबून बघितलं नाही.

घरात बायकोशी माझं बिनसत चाललं होतं, आणि त्याला कारण मी होतो. एकदा मी दाराला पाठ लावून पुस्तक वाचत बसलो होतो, ती ओल्या केसांनी बाथरूममधून धावत आली आणि माझ्या डोक्यावरून हात लांब करून दार उघडलं. बाहेर पार्सलवाला वैतागून उभा होता. "दाराला टेकून बसलायत आणि बेल वाजून वाजून मरतेय," ती म्हणाली. "अभ्यास चाललाय, दिसत नाही का?" मी खेकसलो. खेकसलं की प्रश्न तिथेच थांबतात, हे मला कळून चुकलं होतं. ती थांबली. असं पुष्कळदा झालं. ती काही सांगायची, मी तिसरंच बोलायचो, ती म्हणायची, "मी काय भिंतीशी बोलते का?", मी म्हणायचो, "सारखं काय तेच तेच," आणि ती उठून जायची. मग त्या दिवशी ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, माझ्याकडे पाठ करून. मी टेबलाशी होतो. तिचे हात थांबले. पाठीवरून मला कळलं की ती काहीतरी बोलली आहे आणि उत्तराची वाट बघते आहे. माझ्या डोक्यात उजळणी चालली होती. मी म्हणालो, "हो, हो." ती वळली. तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते बघून मी पुस्तक मिटलं. "खरंच?" ती म्हणाली, हे मला दिसलं. आता मागे कसं फिरणार? कशाला हो म्हटलं तेच माहीत नाही. "हो म्हटलं ना एकदा," मी म्हणालो. ती घडी घातलेला टॉवेल हातात घेऊन आत गेली आणि बाकीचे कपडे तसेच पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक समोर बसली, पण तिने पुस्तक उघडलं नाही. "बाबा, तू आईला काय बोललास?" "कुठे काय?" "आईने तुला विचारलं, कंटाळलात का हो मला. आणि तू हो म्हणालास. दोनदा." मी टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिलो. त्या वेळी मी सांगायला हवं होतं. तोंड उघडायचं आणि चार शब्द बोलायचे, की झालं. लेक वाट बघत होती, तिचे डोळे भरले होते, आणि मला मेल्याला वाटलं काय, तर आज सांगितलं तर ही काळजीने मॅडमना फोन करेल, परीक्षा पुढे ढकलायला लावेल, सगळ्यांना कळेल. आधी सर्टिफिकेट हातात येऊ दे, मग सगळं सांगू. "थट्टा केली गं," मी म्हणालो. "तिला थट्टाही कळत नाही का?" लेकीने पुस्तक माझ्या बाजूला सरकवलं. "थट्टा अशी करतात?" ती म्हणाली, किंवा तसंच काहीतरी, कारण ती तोवर उठली होती. त्यानंतर परीक्षेपर्यंत मला प्रश्न विचारायला कुणी बसलं नाही. मी स्वतःच पाठ करत राहिलो. आधी विचारा, मग तर्क करा, मग तपासा. बायको माझ्यासमोर ताट ठेवायची, कप ठेवायची, आणि बोलत नव्हती. माझ्या कानांना खरं तर विसावा मिळायला हवा होता. मला रडू यायचं बाकी होतं.

परीक्षेच्या केंद्रात माणसाचं सगळं काढून घेतात. घड्याळ, पाकीट, फोन, सगळं एका लोखंडी कप्प्यात. देखरेखीला एक बाई होत्या, अंगात स्वेटर, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी मला खुर्ची दाखवली आणि कानांवर घालायचे जाडजूड मफ पुढे केले. गडबडीचा त्रास होत असेल तर घाला म्हणे. "नको," मी म्हणालो, "माझं काही अडत नाही." आणि खरोखरच माझं काही अडत नव्हतं. पहिला प्रश्न उघडला आणि माझ्या खांद्यांवरचं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं झालं. इथे ओठ नव्हते. इथे कुणी पाठमोरं होत नव्हतं. सगळं पडद्यावर, काळ्या अक्षरांत, स्वच्छ. युजर म्हणतो प्रिंटर अडकला. युजर म्हणतो नेटवर्क मिळत नाही. विचारा, तर्क करा, तपासा. माझा हात माउसवर सरसर चालला होता, आणि वर्षभरात पहिल्यांदा मला वाटलं की जमतंय, मला हे चांगलंच येतंय, हे मी घालवू देणार नाही. बीपांचा प्रश्न आला तेव्हा मी चक्क हसलो. एक लांब, दोन आखूड, म्हणजे काय? मी टिचकी मारली आणि पुढे गेलो, आणखी पुढे गेलो, आणि तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. मी असा दचकलो की खुर्ची मागे सरकली. देखरेखीच्या बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांचे ओठ हलत होते, आणि खोलीतले सगळे परीक्षार्थी हात मांडीवर ठेवून, मागे टेकून, माझ्याकडे बघत होते. माझा पडदा लाल झाला होता.

त्यांनी मला बाहेर त्यांच्या टेबलाशी नेलं. तिथे उजेड होता, त्या समोर होत्या, म्हणून कळलं. मधे इंटरनेटची लाइन डळमळली होती. त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, हात बाजूला घ्या, काही दाबू नका, परीक्षा थांबवली आहे. दोनदा सांगितलं, मोठ्याने. मी दाबत राहिलो. सूचना दिल्यावरही परीक्षार्थी दाबत राहिला तर यंत्रणा त्याचा पेपर आपोआप बंद करते. "आता मला इथे कारण लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "कारण पटण्यासारखं असलं तर तुमचा पेपर होता तिथून परत उघडतो. नसलं तर रद्द होतो, मग सहा महिने बसता येत नाही." सहा महिने. महिनाअखेर तर आलीच होती. मी टेबलाची कड धरली. "कारण कुणाला जातं?" मी विचारलं. "ज्यांनी फी भरली त्यांना. निकालाबरोबर." म्हणजे मॅडमना. बाईंनी माझ्याकडे बघितलं, घाबरलेल्या, केस पिकलेल्या माणसाकडे, आणि त्यांना दया आली असावी. त्या जरा पुढे झुकल्या. "हे बघा, मी लिहिते, एसीच्या आवाजामुळे सूचना ऐकू आली नाही. चालेल ना? खोटंही नाही त्यात काही. एवढा घरघरतो तो, रोज कुणी ना कुणी तक्रार करतंच."

"हो, हो," मी म्हणालो. माझी मान आपोआप डोलली.

त्या टाइप करायला लागल्या. सुटलो होतो मी. मॅडम वाचतील, एसीला नावं ठेवतील, निकाल बघतील, आणि सोमवारी मी माझ्या टेबलावर असेन. पडद्यावर अक्षरं उमटत होती, एसीच्या आवाजामुळे, आणि मला एकदम कसंतरी व्हायला लागलं. उद्या इथे एसीवाला येणार. बिचारा स्टुलावर चढून झाकण उघडणार, पंखा बदलणार, गेला म्हणून सांगणार, चांगला चालता पार्ट भंगारात टाकणार. चुकीचं कारण लिहिलं की हेच होतं, मी स्वतः करून बसलो होतो. मी काचेतून परीक्षेच्या खोलीत बघितलं. वर भिंतीवर एसी होता. त्याच्या जाळीला कुणीतरी कागदाची पट्टी बांधली होती आणि ती जोरजोरात फडफडत होती. इतका वेळ मी त्याच्या अगदी खाली बसलो होतो. मला वाटत होतं तो बंद आहे. मला वाटत होतं, काय शांत खोली आहे ही. आणि मला बायकोची पाठ दिसली, तिचे थांबलेले हात, आणि माझा स्वतःचा आवाज, जो मला अजून ऐकू येतो, तो तिला सांगत होता, हो, हो.

"बाई, एसी नका लिहू," मी म्हणालो.

त्यांची बोटं थांबली. "मग काय लिहू?"

"मला ऐकू येत नाही."

बोललो एकदाचं. आजवर हे शब्द मी मनातसुद्धा सलग म्हटले नव्हते. बाईंनी मागे काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं, पण हसू नव्हतं आलं. "हे तुमच्या ऑफिसला जाईल," त्या म्हणाल्या. "कळतंय ना?"

"कळतंय."

"बरं." त्यांनी लिहिलेलं पुसलं. "कोणता कान?"

"डावा," मी म्हणालो. वर्षभर घोकलेलं उत्तर, जिभेवर तयारच होतं. त्या लिहायला लागल्या, आणि लिहिता लिहिता मान खाली घालून काहीतरी बोलल्या. त्यांच्या जबड्यावरून दिसलं, की बोलल्या. मी त्यांच्या समोर होतो, हातभर अंतरावर, उजवा कान त्यांच्याकडे करून. मी थांबलो. त्यांनी मान वर केली आणि त्या वाट बघत होत्या.

"दोन्ही," मी म्हणालो. "दोन्ही लिहा."

त्यांनी लिहिलं. मी वाचलं, बरोबर होतं. त्या उठल्या आणि मला माझ्या खुर्चीपर्यंत घेऊन गेल्या. घरी सांगायचं अजून राहिलंच होतं आणि ते याहून अवघड जाणार होतं. मी बसलो. बाई वळसा घालून माझ्यासमोर, पडद्याच्या पलीकडे येऊन उभ्या राहिल्या, मी बघतोय याची खात्री करून घेतली, आणि सावकाश विचारलं, "करू सुरू?"

"करा," मी म्हणालो.